कारवट घाटातले ठोके

सोनाबाई झोरेनं रस्त्याकडेच्या पांढऱ्या दगडाशेजारी पाय रोवले, हातोडा उचलला आणि जमिनीवर तीन ठोके घातले. ठण्, ठण्, ठण्. मग कानातल्या फोनमध्ये म्हणाली, "मॅडम, बाराशे चाळीस. मारले."

"आले," वैजयंता शेडगे म्हणाली.

ती तिथून साठ किलोमीटर लांब, कराडात, राष्ट्रीय भूश्रवण केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावर बसली होती. तिच्यासमोरच्या पडद्यावर तीन बारीक उभ्या रेघा उमटल्या होत्या. त्यांच्याखाली तिनं खूण केली: दगड बाराशे चाळीस, म्हणजे तारेवरचा एकतीस हजार आठशे चौदावा मीटर.

"चहा घेतला का नाही अजून?" वैजयंतानं विचारलं.

"पंधरा दगड झालं की घेती. ऊन चढायच्या आत वरचं वळण गाठायचंय."

हे गेलं वर्षभर असंच चाललं होतं. आठवड्यातून दोनदा सोनाबाई घाटात चालायची, दर पन्नास पावलांवर ठोकायची, आणि वैजयंता इकडे "आले" म्हणायची. दोघींची प्रत्यक्ष भेट जेमतेम तीनदा झाली असेल, पण आवाजावरून एकमेकींची सर्दीपडशी ओळखण्याइतपत ओळख झाली होती.

घाटातल्या रस्त्याकडेला हातभर खोल पुरलेली ती तार दिसायला साधी होती. फोन आणि इंटरनेट वाहून नेणारी नेहमीचीच केबल. तिच्या पोटात केसासारखे काचेचे तंतू होते. त्यांतला एक तंतू रिकामा ठेवलेला असे आणि त्यात सेकंदाला हजार वेळा लेझरचा झोत सोडला जाई. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात सूक्ष्म दोष असतातच. त्या दोषांवर आपटून थोडा प्रकाश मागे फिरतो. जमीन हलली की तंतू तिथे कणभर ताणला जातो आणि परतणारा प्रकाश कणभर बदलतो. एवढ्यावरून तारेच्या प्रत्येक दोन मीटरला काय घडलं ते कळायचं. पूर्वी साऱ्या देशात भूकंपमापकांची काही शे केंद्रं होती. आता कच्छपासून आसामपर्यंत आणि हिमालयाच्या कुशीतल्या शेवटच्या गावापर्यंत जिथे जिथे केबल गेली होती, तिथली जमीनच मापक झाली होती. सरकारी कागदांत या योजनेला 'तंतुश्रवण' म्हणत. लोकांनी मात्र पहिल्याच महिन्यात तिचं नाव 'कानतार' ठेवलं.

कानतारेला बोलणं ऐकू यायचं नाही, पण पावलं कळायची. म्हशींचा कळप, एसटी, लांब कुठेतरी फुटलेला सुरुंग, आणि मैलोगणती खाली, खडकात खडक सरकताना होणारी कुरकुर. त्या कुरकुरीसाठीच तर हा सगळा खटाटोप होता.

गेल्या वर्षी घाटाचं रुंदीकरण झालं, तेव्हा तार कित्येक ठिकाणी उकरून पुन्हा पुरली गेली. त्यामुळे जुन्या नोंदींतला कुठला मीटर कुठल्या दगडापाशी होता, ते जुळेनासं झालं. वैजयंतानं त्यावर एक युक्ती काढली. मागच्या सहा वर्षांत अनेक माणसांनी असंच चालत ठोके घातले होते. ते ठोके जुन्या साठ्यातून आपोआप शोधून काढले, की नकाशा जुळवता येईल. म्हणून तिनं संगणकाला सोनाबाईचे साडेचार हजार ठोके शिकवले. हातानं घातलेला लोखंडाचा ठोका कसा असतो, ते त्याला कळायला हवं होतं. माणसाचा हात थकतो, दोन ठोक्यांमधलं अंतर केसाएवढं कमीजास्त होतं, दुसरा ठोका पहिल्यापेक्षा हलका पडतो. सोनाबाईचा तर नेहमीच पडायचा. इतक्या बारकाव्यावरून संगणक आता ठोकणारा कोण, हेही सांगू लागला होता.

सोमवारी सकाळी साडेदहाला शोध पूर्ण झाला आणि पडद्यावर यादी आली. तारीख, जागा, ठोक्यांची संख्या. वैजयंता डाव्या हातानं पोह्यांची बशी धरून यादी खाली सरकवत होती. कुठे नव्वद ठोके, कुठे एकशेवीस, कुठे साठ.

मग एक ओळ आली. जागा कारवट बोगदा. ठोके एकोणीस हजार सहाशे.

तिला वाटलं, काहीतरी चुकलंय. एका जागी एवढे ठोके कोण घालील? तिनं तारीख पाहिली. नऊ डिसेंबर ते सतरा डिसेंबर, अडीच वर्षांपूर्वीचा.

पोह्यांची बशी तिनं टेबलावर ठेवली, ती टेबलाच्या कडेवर ठेवली गेली आणि खाली पडून फुटली. शेजारच्या खोलीतून कुणीतरी "काय झालं?" विचारलं. तिनं तारखा पुन्हा वाचल्या.

नऊ डिसेंबरला दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी कारवट घाटाखाली पाच पूर्णांक आठ तीव्रतेचा भूकंप झाला होता. घाटात तेव्हा बोगद्याचं काम सुरू होतं. बोगद्याचं तोंड बसलं आणि आत अकरा माणसं अडकली. तीन दिवस जेसीबी, पोकलेन, जनरेटर, पाणी उपसायचे पंप असा सगळा गदारोळ चालला होता. पुढचा खडकही ढिला होता. खणत राहिलं तर वाचवणारेच गाडले जातील, अशी भीती होती. आत कुणी जिवंत असेल तरच हा धोका पत्करायचा, असं ठरलं. मग केंद्राला विचारण्यात आलं, तुमच्या कानतारेला काही ऐकू येतंय का?

तार बोगद्याच्या बरोबर वर, अठ्ठावीस मीटरांवर होती. वैजयंतानं तीन दिवस घरी न जाता नोंदी चाळल्या होत्या. आणि बारा तारखेला सकाळी अकराला तिनं अहवाल दिला होता: 'बोगद्याच्या परिसरात जिवंत हालचालीचा कोणताही संकेत नाही.' खाली तिची सही. दुपारी बाराला मशिनी थांबल्या. दोन महिन्यांनी, पक्का रस्ता करून, टेकू लावून ढिगारा काढला तेव्हा अकरा मृतदेह मिळाले. सगळे पहिल्याच तासात गेले असावेत, असं तेव्हा सगळेच धरून चालले. कुणी वेगळं म्हणालं नाही.

वैजयंतानं ती नोंद उघडली.  खडकातला कंप कानाला ऐकू येईल असा करण्याची सोय होती. तिनं हेडफोन लावले.

पाच ठोके. थांबा. पाच ठोके. थांबा.

बोगद्यात काम करणाऱ्यांना शिकवलेलं असतं, अडकलात तर सारख्या अंतरानं पाच पाच ठोके घाला, म्हणजे वरच्यांना कळेल की हा माणूस आहे. आतल्यांनी शिकवल्याप्रमाणे केलं होतं, अगदी शिस्तीत. आणि वैजयंतानं योजनेच्या पहिल्याच वर्षी मशिनींचा गोंगाट काढून टाकण्यासाठी जी चाळणी बनवली होती, तिचा पहिलाच नियम होता: ठरावीक अंतरानं परत परत येणारा आवाज यंत्राचा समजावा आणि वगळावा. जिवंत माणूस वेडावाकडा ठोकेल, असं तिनं गृहीत धरलं होतं. ते वाक्य तिनं स्वतः टिपणात लिहिलं होतं. त्याबद्दल शाबासकीही मिळाली होती.

चाळणीनं अकरा माणसांना पंप समजून गाळून टाकलं होतं.

ती पुढे सरकत गेली. पहिल्या दिवशी सहा वेगवेगळे हात होते, संगणकानं ते रंगांनी वेगळे दाखवले. बहुधा पाळीपाळीनं ठोकत असावेत. तिसऱ्या दिवशी चार उरले. बारा तारखेला दुपारी बारा वाजल्यानंतरची नोंद आली तेव्हा तिनं आवाज वाढवला. मशिनी थांबल्या होत्या. वर एकदम शांतता झाली होती. आणि आतले ठोके दुप्पट वेगानं, जोरजोरात येऊ लागले होते. चारही हात एकदम. पाच पाचची शिस्तही मोडली होती. मशिनी थांबल्या म्हणजे आता आपलंच ऐकताहेत, असं त्यांना वाटलं होतं.

त्या वेळी ठोके चाळणीतून सहज पार झाले असते. पण अहवाल देऊन झाला होता, निगराणी बंद केली होती, आणि वैजयंता तीन दिवसांनी घरी जाऊन झोपली होती.

सव्वा तासानं ठोके पुन्हा पूर्वीसारखे झाले. पाच आणि थांबा. पाचव्या दिवशी दोन हात. सहाव्या दिवसापासून एकच. सतरा डिसेंबर, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. तीन ठोके, चौथा अगदी हलका. नंतर काही नाही.

*

"ओहोळाचं पाणी असेल," केंद्राचे संचालक डॉ. निमकर म्हणाले. दुपार झाली होती. वैजयंता त्यांच्या खोलीत उभी होती, बस म्हटलं तरी बसली नव्हती.

"डिसेंबरात तिथे ओहोळ नसतो, सर."

"रस्त्यावर पाट्या बसवणारे?"

"रस्ता नऊ तारखेपासून महिनाभर बंद होता."

"तुझ्या नव्या प्रोग्रॅमला भास होत असतील. या संगणकांना होतात असले भास."

"मी चार वेगळ्या पद्धतींनी तपासलं. तुम्ही एकदा ऐका."

निमकरांनी हेडफोन लावले. ते पस्तीस वर्षं भूकंपांचा अभ्यास करत होते. गुडघ्याएवढ्या चिखलात उतरून त्यांनी प्रेतं मोजली होती. बारा तारखेच्या दुपारचा भाग आला तसे ते टेबलाची कड धरून उठून उभे राहिले आणि हेडफोनची वायर ताणली जाऊन निघून आली. मोकळ्या खोलीत ठोके मोठ्यानं वाजू लागले. वैजयंतानं झटकन आवाज बंद केला.

त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. मग म्हणाले, "तुझ्या सहीखाली माझीही सही आहे."

"हो, सर."

"समिती नेमावी लागेल. बाहेरचे तज्ज्ञ बोलवू. पंधरा दिवस दे मला. तोवर कुणाला बोलू नकोस. अकरा कुटुंबं आहेत, वैजयंता. उगाच अर्धवट काही कानावर गेलं तर..."

"उद्या सकाळी सोनाबाई बाराशे नव्वदच्या दगडावर ठोकायला जाणार आहे," वैजयंता म्हणाली. "तो दगड बोगद्याच्या डोक्यावर आहे. ती ठोकेल आणि मला फोनवर 'आले' म्हणायचंय. मला नाही म्हणता येणार, सर."

निमकरांनी तिच्याकडे पाहिलं. सोनाबाई कोण, ते त्यांना माहीत होतं. अपघातानंतर प्रत्येक घरातल्या एकाला काम द्यायचं ठरलं, तेव्हा तिच्या नेमणुकीच्या कागदावर त्यांनीच सही केली होती. अकरांपैकी बिरू झोरे हा तिचा नवरा.

"उद्या दुसऱ्या कुणाला पाठवून..." ते म्हणाले आणि वाक्य अर्धवटच राहिलं.

निघण्यापूर्वी वैजयंतानं एक काम केलं. नव्या प्रोग्रॅमला तिनं फक्त कारवटची नोंद दिली होती. आता तिनं सगळ्या देशाचा साठा त्याच्यापुढे ठेवला. सहा वर्षांचा, सगळ्या तारांचा, आणि पुढे क्षणोक्षणी येत राहील तोही. मोजणी पुरी व्हायला एक दिवस लागणार होता.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला केंद्राची जीप कारवट घाटात पोचली. सोनाबाई वळणावरच्या कठड्यावर बसून भाकरी खात होती. बत्तीस-तेहतीस वर्षांची, उन्हानं रापलेली, पिवळं जाकीट घातलेली. हातोडा पायाशी होता.

"मॅडम, तुमी हितं? सांगितलं न्हाई ते."

"फोनवर सांगण्यासारखं नव्हतं."

सोनाबाईनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि उरलेली भाकरी फडक्यात गुंडाळली. "नोकरी गेली का?"

"नाही, नाही. तसं काही नाही."

वैजयंतानं येताना वाटेत मनात दहा वेळा वाक्यं जुळवली होती. त्यांतलं एकही आता आठवेना. शेवटी तिनं जसं घडलं तसंच सांगितलं. यादी, ठोके, तारखा. चाळणी कशी होती आणि तिनं काय गाळलं. सोनाबाई मध्येच काही विचारेल असं तिला वाटलं होतं. सोनाबाई फडक्याच्या गाठीकडे बघत ऐकत राहिली. खालच्या दरीतून एक ट्रक कण्हत चढत आला, दोघींना ओलांडून गेला, त्याचा आवाज पार वरच्या वळणामागे विरला, तरी ती तशीच.

मग तिनं विचारलं, "किती दिस?"

"आठ."

"आठ," सोनाबाई म्हणाली. "मी पाचव्या दिसापतूर हितंच व्हते, मॅडम. त्या तिकडं, तोंडापाशी. मशिनी गेल्या तरी उठले न्हाई. पोलीस म्हनले, बाई, वरून दगड येतील, घरला जा. दीर आन् आतेभाऊ धरून घिऊन गेले मला. त्यो तवा..." ती थांबली. "पाचव्या दिशी त्यो व्हता?"

वैजयंतानं हे सांगायचं नाही असं ठरवलं होतं. रोज पाळी सुरू होताना बिरू पहारीनं बोगद्याचं छत ठोकून बघायचा, कुठे खडक पोकळ वाजतोय का ते. ते त्याचंच काम होतं. भूकंपाआधीच्या सात महिन्यांत कानतारेनं त्याचे हजारो ठोके टिपले होते. म्हणून संगणक त्याचा हात ओळखत होता.

"मॅडम, मी इचारलं, त्यो व्हता का?"

"होता," वैजयंता म्हणाली. "शेवटपर्यंत तेच होते. सहाव्या दिवसानंतर एकच हात होता. त्यांचाच."

सोनाबाईच्या तोंडून आवाज निघाला, पण तो रडण्याचा नव्हता. पोटात गुद्दा बसल्यावर श्वास निघून जातो तसा. ती कठड्यावरून उतरली, चार पावलं चालली, परत आली. हातातलं भाकरीचं फडकं तिनं पिळायला सुरुवात केली, जसं काही ते ओलं आहे.

"कुणी म्हनलं व्हतं, आत कोन जित्तं न्हाई म्हनून?"

"मी."

"तुमी?"

"मी लिहून दिलं होतं. माझी सही आहे त्यावर."

सोनाबाई तिच्याकडे बघत राहिली. वैजयंताला वाटलं, आता ती हात उगारेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं, असंही तिला वाटलं.

"वरीसभर," सोनाबाई हळूच म्हणाली, "वरीसभर मी ठोकती आन् तुमी 'आले' म्हनता."  ती खाली मातीतच बसली. वैजयंताही बसली, थोडं अंतर ठेवून. जवळ जायचा आपल्याला हक्क नाही असं तिला वाटत होतं.

अर्ध्या तासानं सोनाबाई उठली आणि तिनं पदरानं तोंड पुसलं. "मला ऐकायचंय."

"नको, सोनाबाई. इतक्यात नको."

"तुमी ऐकलं. तुमच्या सायबानं ऐकलं. माझ्या मानसाचं मी न्हाई ऐकायचं?"

जीपमध्ये दोघी मागे बसल्या.  पाटणच्या अलीकडे सोनाबाईनं अचानक विचारलं, "पानी व्हतं का आत? तान्हेनं तर..."

"खडकातून झिरपत होतं. नाहीतर इतके दिवस निघाले नसते."

"मंग भुकेनं." तिनं मान वळवून बाहेर पाहिलं. "डब्यात झुणका दिला व्हता त्या दिशी. त्यो खाल्ला आसंल."

*

कराडला पोचेपर्यंत दुपारचा एक वाजला होता. वैजयंतानं सोनाबाईला आपल्या खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि सोळा डिसेंबरची नोंद उघडली. सतराची उघडायची तिची हिंमत झाली नाही. सोनाबाईनं हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले.

ती किती वेळ ऐकत होती, ते वैजयंतानं पाहिलं नाही. ती खिडकीपाशी पाठ करून उभी होती. मागून फक्त सोनाबाईचा आवाज आला, पुटपुटल्यासारखा. ती मोजत होती. एक, दोन, तीन, चार, पाच. मग गप्प. मग पुन्हा एकपासून.

"बाकीच्या धा घरांस्नी सांगा," हेडफोन काढून ती म्हणाली. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण आवाज स्थिर होता. "आजच सांगा. समिती बिमिती मागनं करा. कागुद निगायच्या आदी घरच्यास्नी कळाय पायजे."

"सांगते. मी स्वतः जाऊन सांगते."

"आन् तुमी येकट्या जाऊ नगा. मी येती संगं. तुमाला कोन काय करंल, सांगता येत न्हाई."

वैजयंता काही बोलणार होती, तेवढ्यात शेजारच्या पडद्यावर घंटी वाजली. देशभराच्या साठ्याची मोजणी संपली होती. यादी आपोआप उघडली.

तिनं खुर्चीच्या पाठीला धरून वाकून पाहिलं. ठोका-तपासणीच्या नेहमीच्या नोंदी संगणकानं वेगळ्या काढल्या होत्या. उरलेल्या ओळी सात होत्या. आसामातली एक कोळशाची खाण, चार वर्षांपूर्वी. कच्छमधली एक कोसळलेली शाळा, तीन वर्षांपूर्वी. तिथे ठोके अडीच दिवस होते. उत्तराखंडातली दोन गावं. प्रत्येक ठिकाणी केंद्रानं अहवाल दिला होता, आणि प्रत्येक अहवालात तिचीच चाळणी वापरली होती. 

सातवी ओळ सगळ्यात खाली होती. हिमाचलातलं कुंडाली नावाचं गाव. शुक्रवारी तिथे भूकंपाच्या धक्क्यानं अख्खा डोंगर उतरून वस्तीवर आला होता, ते तिनं बातम्यांत पाहिलं होतं; तिथलं काम केंद्रातल्या दुसऱ्या गटाकडे होतं. ठोके सुरू झाले शुक्रवारी संध्याकाळी. शेवटचा ठोका पडला...

तिनं पुन्हा वाचलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"काय झालं, मॅडम?"

"शेवटचा ठोका आजचा आहे," वैजयंता म्हणाली. तिला स्वतःचा आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला. "चार मिनिटांपूर्वीचा."

तिनं तिथली चालू नोंद पडद्यावर घेतली. रेघा एकेक करून, तिच्या डोळ्यांदेखत उमटत होत्या. वेळ लागला, मग पुन्हा उमटल्या. संगणकानं त्यांना दोन रंग दिले. दोन हात.

कुंडालीतल्या मदतकार्याच्या अधिकाऱ्याचा फोन लागायला अकरा मिनिटं लागली. त्या अकरा मिनिटांत सोनाबाई पडद्यावरून नजर न हलवता उभी होती. पलीकडे कुणी नेगी नावाचे गृहस्थ होते. थकलेले, घसा बसलेला. वैजयंतानं हिंदीत भराभर सांगितलं.

"मॅडम, काल सकाळी तुमच्याच केंद्रानं लिहून दिलंय, ढिगाऱ्याखाली कुणी जिवंत नाही," नेगी म्हणाले. "त्यावरच आम्ही काम थांबवलं. मशिनी डोंगर उतरायला लागल्यात. माझ्या पथकातला एक पोरगा काल दगड लागून गेला. आणि आज तुम्ही म्हणता, आहेत?"

"आहेत. दोघं आहेत."

"कोणावर विश्वास ठेवू? कालच्या तुमच्यावर, का आजच्या?"

 तेवढ्यात तिच्या खांद्यावरून एक हात पुढे आला आणि फोन घेतला. डॉ. निमकर होते. ते कधी येऊन दारात उभे राहिले होते, तिला कळलं नव्हतं. त्यांनी एकदा सोनाबाईकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली.

"नेगीसाहेब, मी केंद्राचा संचालक बोलतोय. कालचा अहवाल चुकीचा होता. तो मी मागे घेतो. तोंडी घेतो, पाच मिनिटांत लेखी देतो. असे चुकीचे अहवाल आम्ही आधीही दिलेत. माणसं मेली आहेत त्यांनी. मशिनी माघारी फिरवा." ते थांबले. "जबाबदारी माझी. नेमकी जागा आमच्या मॅडम सांगतील, दोन मीटरच्या आत."

 मग नेगींचा आवाज कुणावर तरी ओरडताना आला, ड्रायव्हरला थांबव म्हणून.

"तीन तास लागतील परत वर पोचायला," ते फोनमध्ये म्हणाले. "रस्ताच तसा आहे, आणि वर आता आमचं कुणी नाही. तुम्ही जागा पाठवा."

वैजयंतानं जागा पाठवली. निमकर कागद लिहायला आपल्या खोलीत गेले. मग करण्यासारखं काही उरलं नाही. तिनं दुसरी खुर्ची ओढली आणि दोघी पडद्यासमोर बसल्या.

रेघा उमटत होत्या. त्यांच्यामधली अंतरं सकाळपेक्षा लांबली होती, ते संगणकानं कोपऱ्यात लिहिलं होतं. दुसऱ्या रंगाची रेघ गेल्या वीस मिनिटांत आलीच नव्हती. वैजयंतानं ते पाहिलं आणि सोनाबाईनं पाहू नये म्हणून आकड्यांची चौकट मिटवली.

"तीन तास," सोनाबाई म्हणाली.

"हो."

"दमलं की हात खाली पडतुया. वाटतंय, कोन ऐकतंय आपलं?" ती पडद्याच्या अगदी जवळ सरकली. "मॅडम, आपून ऐकतोय, ह्ये त्यास्नी कळाय पायजे. कळलं तर तीन तास काडतील. ह्या तारंतनं हिकडनं तिकडं काय धाडता येत न्हाई का?"

वैजयंतानं मान हलवली. सहा वर्षं साऱ्या देशानं जमिनीत कान पुरले होते. तोंड पुरायचं कुणाच्याही मनात आलं नव्हतं.

नवी रेघ उमटली. एक, दोन, तीन. चौथीची दोघी वाट पाहू लागल्या.

"मंग त्यास्नी सांगायचं कसं?" सोनाबाईनं विचारलं.